भांडणाची पहार

आमच्या फाट्यावर कुणाला पहार करून घ्यायची असेल, तर त्यानं आधी गेनूआप्पा लोहार आणि त्यांची बायको कौसामावशी यांच्यात भांडण लावून द्यायचं, असा रिवाज होता. विळा, खुरपं, कोयता या बारक्या जिनसा गोडीगुलाबीत व्हायच्या. पण पहार म्हणजे मोडीत निघालेल्या ट्रकचा एक्सल. मनगटाएवढं जाड पोलाद. त्याला टोक काढायचं तर घण असा पडायला हवा, की इकडं मांडवगण फराट्याला पडला तर तिकडं दौंड स्टेशनात उभी असलेली मालगाडी दचकून डबाभर मागं सरकावी. आणि असा घण मावशींच्या हातून फक्त आप्पांवर रागावल्यावरच पडतो, हे पंचक्रोशीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

परक्या माणसाला यातली मेख कळायची नाही, म्हणून सांगतो. लोहाराच्या भट्टीवर नवरा बसतो आणि बायको उभी राहते. नवरा डाव्या हातातल्या सांडशीनं तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो, उजव्या हातात छोटा हातोडा. बायकोच्या दोन्ही हातांत घण. हातोड्याची टिचकी जिथं पडेल तिथं तिनं घण घालायचा. ऐरणीच्या कडेवर टिंग वाजलं की थांबायचं. तोंडानं बोलायची सोय नाही, कारण बोलत बसलं तर तेवढ्यात लाल लोखंड काळं पडतं. म्हणजे हुकूम देणारा बसलेला आणि घाम गाळणारी उभी. साखर कारखान्यात चेअरमन आणि सभासद यांचं जे नातं, साधारण तेच.

माझं खत-औषधांचं दुकान त्या भट्टीला चिकटून होतं. मध्ये भिंत नाही, नुसता पत्रा. त्या पत्र्याला कान लावायची गरज पडत नसे, पत्रा आपणहून सांगे. सकाळी टिचकी-घण, टिचकी-घण असा सरळ ताल चालला की समजावं, घरात सगळं बेस आहे. टिचकीनंतर घण जरा रेंगाळून आला, की आप्पा बाजारातून भाजी विसरून आलेत. आणि टिचकीच्या आधीच घण पडायला लागला, की गिऱ्हाइकांनी बिनघोर एक्सल घेऊन रांग लावावी.

या कलेत सगळ्यात तरबेज होता तळेगाव ढमढेऱ्याचा संपत. विहिरीच्या कामाचा ठेकेदार, त्यामुळं पहारी त्याला भाकरीसारख्या लागत. तो एक्सल भट्टीशेजारी ठेवायचा, बाकड्यावर बसून चहा मागवायचा आणि मावशींना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात आप्पांना म्हणायचा, "आप्पा, परवा तुमच्या मेव्हणीकडं जेवलो. काय कालवण, काय कालवण."

आता दुसरा कुणी शहाणा नवरा असता तर "असंल बाबा" म्हणून मोकळा झाला असता. पण आप्पांना फुशारकी मारता येई, खोटं बोलता येत नसे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला त्यांच्या शेजारी राहून कळलं. ते भाबडेपणानं म्हणत, "व्हय, तिच्या हाताला चव हाय." झालं. पत्र्याच्या पलीकडून असा घाव यायचा की माझ्या दुकानातल्या फळीवरच्या औषधाच्या बाटल्या एकमेकींना मिठ्या मारत. दुपारपर्यंत संपतची पहार तयार. त्या पहारीनं म्हणे खडक फोडावा लागत नसे, विहिरीत ती नुसती उभी केली की खडक आपण होऊन बाजूला सरके. हे संपत सांगायचा, मी फक्त त्यात थोडी भर घालतो.

गेनूआप्पा दिसायला सुकलेल्या हरभऱ्याच्या रोपासारखे. उंच, वाकलेले, हलवलं तर वाजतील असे. डोक्याला मळकं मुंडासं आणि भुवया ठिणग्यांनी जळून जळून गेलेल्या, त्यामुळं चेहऱ्यावर कायम आश्चर्य. उजव्या हातावर अस्वलासारखे केस आणि डावा हात मात्र तान्ह्या बाळासारखा गुळगुळीत, कारण प्रत्येक कोयत्याची धार ते डाव्या हातावरून फिरवून बघत. गिऱ्हाइकानं धारेबद्दल शंका काढली, की हात पुढं करून म्हणत, "बघा, हिथं केस हाय का? कालचा कोयता गेला हितनं." तो हात त्यांचं दुकानाचं पाटी-बोर्ड सगळं होतं.

त्यांची भट्टी मोडीवर चालायची. ट्रकच्या कमानीचे पाटे, ट्रॅक्टरच्या मोडक्या दांड्या, झिजलेल्या कानशी. दौंडच्या भंगारवाल्यांकडं जाऊन ते मालाची अशी पारख करत, जशी लोक बाजारात बैलाची करतात. पाटा उचलायचा, हातोड्यानं एक टिचकी द्यायची, आणि कानाला लावून डोळे मिटायचे. मग निकाल द्यायचा: "एसटीचा हाय. नगर रोडला फिरलाय." भंगारवाला मान डोलवायचा, कारण नगर रोडला फिरला नाही असं सिद्ध कोण करणार.

आप्पांचा सिद्धांत असा, की पोलादाला गाडीची खोड लागते आणि हत्यार झालं तरी जात नाही. एसटीच्या पाट्याचा विळा दमत नाही, पण प्रत्येक बांधाला थांबा घेतो. वडापच्या जीपचा कोयता एकट्या माणसाच्या हातात हलत नाही. टोळी दाटीवाटीनं गोळा झाली की मग असा पळतो की मागं बघत नाही. दुधाच्या टँकरचं खुरपं पहाटेच कामाला चांगलं, ऊन चढलं की नासतं. आणि पुढाऱ्याच्या गाडीचा पाटा ते भट्टीत घालतच नसत. म्हणत, "ठोकताना आवाज लई करतंय, कापत काय न्हाई."

एकदा मांडवगणचे एक बागाईतदार आले. सोसायटीत सदस्य, अंगावर कडक इस्त्री. त्यांनी पुण्याहून नवं कोरं पोलाद आणलं होतं, कागदात गुंडाळलेलं, लग्नातल्या शालूसारखं. म्हणाले, ह्याचे कोयते करा, मोडीतलं नको. आप्पांनी ते हातात घेतलं, टिचकी मारली, कानाला लावलं, बराच वेळ लावून ठेवलं. मग परत कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं.

"का हो?"

"मुकं हाय," आप्पा म्हणाले. "ह्यानं आजून कुनाचं वझं उचललंय? जावा, कुठल्यातरी ट्रकाखाली बसवा. चार खड्डे खाऊ द्या, संसार कळू द्या. मग घेऊन या."

बागाईतदार तणतणत गेले ते थेट माझ्या दुकानात येऊन बसले आणि आप्पांना वेड लागलंय का विचारू लागले. मी म्हटलं, वेड नाही, तत्त्व आहे. ते म्हणाले, मग एकच.

सगळ्यात मोठी मिजास होती ती पाणी देण्याची. तयार झालेलं पातं शेवटचं तापवून नेमक्या रंगावर पाण्यात बुडवायचं, ते पाणी देणं. रंग एक बोट चुकला की पातं एकतर काचेसारखं तुटतं नाहीतर शिळ्या भाकरीसारखं वाकतं. या कामाला आप्पा भट्टीपुढं गोणपाट सोडत. गिऱ्हाइकाला बाहेर काढत, मलाही काढत. ही विद्या आमच्या बापजाद्यांची आहे, म्हणत, बाहेरच्यानं रंग बघितला तर लोखंड लाजतं. आत फक्त मावशी, कारण भट्टीला वारा देणारा पंखा त्या फिरवत. बाहेर आम्ही उभे राहून ऐकायचो. आधी बराच वेळ शांतता. मग मावशींचा खोकला. मग चर्रर्र. मग गोणपाट बाजूला सारून आप्पा विजयी मुद्रेनं बाहेर. दर वेळी तोच क्रम. भट्टीच्या धुरानं मावशींना खोकला जडलाय, असं मी समजत होतो, आणि त्यांना एकदा कफाचं औषधही नेऊन दिलं. त्यांनी ते घेतलं, बाटली निम्मी तशीच परत केली आणि म्हणाल्या, "गुण आला बाबा." दुसऱ्या दिवशी पुन्हा खोकल्या.

भट्टीवरची ऐरण म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक जाडजूड तुकडा, बाभळीच्या बुंध्यात रोवलेला. तो मावशींच्या माहेरचा. त्यांचे वडील दौंडला लोहारकाम करत, आणि लग्नात त्यांनी पोरीबरोबर सोनंनाणं नाही, ही ऐरण पाठवली. तो रूळ मुळात कुठून आला, हे कुणी विचारत नाही. दौंडमध्ये असले प्रश्न विचारायची पद्धत नाही. आप्पांनी त्या ऐरणीचा एक नियम केला होता: तापलेल्या लोखंडावर न पडता घण रिकाम्या ऐरणीवर पडला, तर ती अपमान समजते. तसं झालं की भट्टी विझवायची आणि त्या दिवशी काम नाही. हा नियम त्यांनी इतक्या कडकपणे पाळला की एकदा ऐन ऊसतोडीच्या तोंडावर, कोयत्यांसाठी टोळ्या खोळंबलेल्या असताना, घण घसरला आणि आप्पांनी खरंच भट्टीवर तांब्या ओतला. मुकादमानं हात जोडले, आप्पांनी ऐरणीकडं बोट दाखवलं. "मला काय इचारता? तिला इचारा."

त्यांची एकुलती मुलगी मंगल. तिचा नवरा रेल्वेत, दौंडला दुसऱ्या मजल्यावर घर. पोरगी गुणाची, आईबापाला म्हणायची, या, राहा. एका दिवाळीला आप्पा गेले खरे. पहिल्या दिवशी त्यांनी मंगलच्या स्वयंपाकघरातले सगळे चाकू पाजवले. दुसऱ्या दिवशी शेजारणींचे. तिसऱ्या दिवशी अख्ख्या इमारतीतले चाकू, विळ्या, कात्र्या, आणि कुणाची तरी करंजी कातायची कातणसुद्धा. त्या दिवाळीत त्या इमारतीत इतकी बोटं कापली गेली की सगळ्या बायका पणत्या लावताना बोटांना चिंध्या बांधून फिरत होत्या. शेवटी इमारतीचा सेक्रेटरी वर आला आणि म्हणाला, काका, तुम्ही आराम करा, हात जोडतो. आप्पा गॅलरीत जाऊन बसले. खालून गाड्या जात होत्या. परत आल्यावर मला म्हणाले, "एवढं लोखंड पळतंय समोरनं, आन् मी बसून. जीव कसा ऱ्हाईल?"

म्हणून पुढं जे झालं ते त्यांच्या दृष्टीनं नुसतं आजारपण नव्हतं.

एके सकाळी पत्र्यापलीकडं टिचकी पडली आणि घण पडलाच नाही. मी वाट बघितली. दुसरी टिचकी. काही नाही. वाकून बघतो तर मावशी उभ्या, घण डोक्याच्या वर, आणि तो खाली येईना. वरही जाईना. आप्पांनी उठून तो काढून घेतला तेव्हा मावशींचा हात तसाच वर राहिला, देवळातल्या मूर्तीचा असतो तसा. दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, खांदा धरलाय. कोपरापासून हात चालेल, पण खांद्याच्या वर उचलायचा नाही. घण तर विसराच.

त्या रविवारी मंगल आली. भट्टी थंड होती, आप्पा बाकड्यावर बसून पायानं माती उकरत होते. ती चिडली नाही, रडली नाही, सरळ म्हणाली, "आप्पा, आता बास. आय घण मारू शकत न्हाई, तुमी एकट्यानं काय करनार? पुढच्या ऐतवारी टेम्पो घेऊन येते. भांडी बांधून ठेवा."

"आन् ऐरण?" आप्पांनी विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावर ऐरण कुठं ठेवू? मोडीत घाला."

आप्पा पुन्हा पायानं माती उकरू लागले. आयुष्यभर मोडीतनं माल आणलेल्या माणसाला मोडीत घालायचं कसं असतं, ते ठाऊक नसावं. ती गेल्यावर मला म्हणाले, "ऐतवारपत्तुर घण मारनारं कुनी गावलं, तर ऱ्हातो. न्हायतर जातो." एवढंच.

मग तो आठवडा घणकऱ्यांच्या शोधात गेला.

पहिला आला मांडवगणचा एक पैलवान. त्यानं अंगातला शर्ट काढला, तेव्हाच फाट्यावरची निम्मी वाहतूक थांबली. पण घण मारताना तो टिचकीकडं बघेचना, स्वतःच्या दंडाकडं बघून मारी. पहिला घाव लोखंडावर, दुसरा बुंध्यावर, तिसरा आप्पांच्या मुंडाशाला वारा घालून गेला. आप्पांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "तुमी कुस्तीच करा. तिथं समोरचा माणूस तरी पळू शकतो."

दुसरा, शिरूरकडच्या कंपनीत रोजावर असलेला एक हिंदी भाषक गडी. हाताला चांगला, नजर चांगली, स्वभावही चांगला. पण दर घावाआधी विचारी, "चाचा, किधर मारूँ?" आप्पा टिचकी मारून सांगत, तो पुन्हा विचारी. शेवटी आप्पांनीही हिंदी काढलं, "हिकडं मारो, तिकडं मत मारो, आवो हळू मारो." एवढं भाषांतर होईपर्यंत लोखंड गार होऊन दोघांकडं बघत बसे. गडी बिचारा जाताना आप्पांच्या पाया पडला. आप्पा म्हणाले, "माणूस लाखाचा. पर कान तोंडात हाय त्याचा."

मग कुणीतरी सांगितलं की यवतला एका वर्कशॉपमध्ये मोटरीवर चालणारा घण आलाय. माणूस लागतच नाही. मी आप्पांना मोटरसायकलवर घेऊन गेलो. मालक भला होता. म्हणाला, बसा, मारून बघा, आवडलं तर आपल्याकडंच बसत जा. आप्पांनी लाल पाटा त्या यंत्राखाली धरला आणि सवयीनं हातोड्याची टिचकी दिली. यंत्राचा घण पडतच होता, टिचकी होती तिथं नाही, त्याच्या मनाला येईल तिथं. आप्पांनी सांडशी फिरवली, पुन्हा टिचकी दिली. धाड, धाड, धाड. मग त्यांनी कडेवर टिंग वाजवलं, म्हणजे थांब. घण थांबला नाही. पुन्हा टिंग. मालकानं धावत येऊन बटण दाबलं, तोवर पाट्याचा पापड झाला होता.

परतताना यवतच्या ढाब्यावर थांबलो. आप्पांनी चहाला हात लावला नाही. साय धरून चहा गार झाला, तेव्हा म्हणाले, "त्याला ऐकू येत न्हाई."

मला वाटलं, संपलं. शनिवार उजाडला. दुकान उघडलं तेव्हा पलीकडं मावशी गाडगीमडकी बांधत असतील अशी माझी समजूत. पण पंख्याचा घुं घुं आवाज आला. मग मावशींचा आवाज.

"उठा तिथनं."

"का गं?"

"मी बसते. तुमी घण घ्या."

आप्पा हसले. ते हसणं मला पत्र्यातून दिसलं. "कौसे, ऐरणीम्होरं लोहार बसतो. बाई बसत न्हाई."

"ऐरण माझ्या बापाची हाय," मावशी म्हणाल्या. "तिच्याम्होरं कुनाला बसवायचं ते मी बघते."

मी खताची गोणी तशीच टाकून पत्र्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. असली गोष्ट बघायला लोक तिकीट काढतील. आप्पा उठले. गुडघे वाजले. मावशी गोणपाटावर बसल्या, डाव्या हातात सांडशी घेतली, आणि उजव्या हातात, खांदा अंगाला चिकटवून, नुसत्या कोपरातून हलेल असा छोटा हातोडा. विळ्याचं लाल पातं ऐरणीवर आलं. मावशींनी टोकाशी टिचकी मारली.

आप्पांनी घण मध्यात घातला.

टोकाशी टिचकी. आप्पांनी पुन्हा मध्यात घातला. कारण विळा मध्यातून कधी पसरायचा आणि टोकाकडं कधी जायचं, हे आजवर त्यांनी ठरवलं होतं, आणि आपणच ठरवतो अशी त्यांची खात्री होती. तिसऱ्यांदा टोकाशी टिचकी पडली, आप्पांचा घण मध्याकडं निघाला, आणि मावशींनी सांडशी झटक्यात मागं ओढली.

घण रिकाम्या ऐरणीवर पडला. असा ठणाणला की पलीकडच्या वस्तीवरची कुत्री भुंकली आणि भीमेतले मासे वर आले, असं लोक सांगतात, म्हणजे मीच सांगतो.

आप्पा घण धरून तसेच उभे. नियम त्यांचाच. मावशींनी शांतपणे तांब्या उचलला आणि भट्टीवर ओतला. वाफ उठली, त्यात दोघंही दिसेनासे झाले. वाफेतून आप्पांचा आवाज आला, इतका बारीक की मला वाटलं दुसरंच कुणी आहे.

"आता?"

"आता काय. आजचा दिस गेला. उद्या ऐकून मारा."

"उद्या मंगल येतीया टेम्पो घिऊन."

"येऊ द्या. तिलाबी कळू द्या, ह्या घरात कुनाला ऐकू येतं आन् कुनाला न्हाई."

दुसऱ्या दिवशी मंगल आली तेव्हा भट्टी पेटलेली होती. टिचकी, आणि जरा रेंगाळून घण. टिचकी, आणि चाचपडत घण. नव्या नवरीनं पहिल्यांदा सासरच्या चुलीला हात लावावा, तसा आप्पांचा घण भीत भीत पडत होता. पण जिथं सांगितलं तिथं पडत होता. त्यांचे डोळे हातोड्यावरून हलत नव्हते. मंगल रस्त्यावरच थांबली. तिचं बालपण त्या तालात गेलेलं. आता तो उलटा चालू होता, आणि तरी ताल होता. मग तिनं पिशवी बाकड्यावर ठेवली, पदर खोचला आणि जाऊन पंखा फिरवायला बसली. पाणी द्यायची वेळ आली, तेव्हा आप्पा सवयीनं गोणपाट सोडायला गेले. मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, उजेड लागतो." त्यांनी पातं निखाऱ्यातून काढलं, एक क्षण बघितलं आणि पाण्यात घातलं. चर्रर्र. कुणी खोकलं नाही.

तेव्हा मला माझ्या त्या कफाच्या औषधाचा उलगडा झाला. इतकी वर्षं रंग ओळखला होता तो त्या खोकल्यानं.

टेम्पोवाला चहा पिऊन रिकामा परत गेला. तो विळा जरा वाकडाच झाला होता. आप्पांनी तो कानाला लावला, डोळे मिटले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "एसटी. नगर रोड." मावशींनी मान डोलवली. एवढा मान त्यांनी आप्पांचा राखला.

तेव्हापासून फाट्यावरची भट्टी अशी उलटी चालते. विळे होतात, खुरपी होतात, कोयते पूर्वीपेक्षा सरस होतात, असं माझं मत. आप्पांसमोर मी ते मांडत नाही. आप्पा गिऱ्हाइकांना अजून डावा हात दाखवतात. कुणी नवखा विचारतो, मामा, मावशी बसल्यात आन् तुम्ही उभे, हे कसं? आप्पा म्हणतात, "बसून बसून कट्टाळा आला." फक्त पहारीचं काम बंद झालं होतं. आप्पांच्या घणात तेवढा जोर नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मध्यंतरी मी दुकान पोराच्या हवाली करून शिरूरला राहायला गेलो. निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढत होतं आणि मी पत्र्याजवळ निरोप घ्यायला उभा होतो, तेवढ्यात तळेगावचा संपत आला. खांद्यावर एक्सल. त्यानं तो भट्टीशेजारी ठेवला, बाकड्यावर बसला, चहा मागवला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आता भांडण कसं लावायचं, हेच त्याला ठाऊक नाही. घण आप्पांकडं. मेव्हणीचं कालवण आप्पांना चिडवायला कामाचं नाही. तो नुसता चहा फुंकत बसला. मग बिचकत म्हणाला, "आप्पा, जमंल का?"

आप्पांनी एक्सलकडं बघितलं, घणाकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच फुशारकी मारली नाही. "बघू," म्हणाले.

मावशींनी एक्सल निखाऱ्यात सारला. पांढरट लाल झाल्यावर त्यांनी तो सांडशीनं ऐरणीवर घेतला, हातोडा उचलला, आणि आप्पांकडं न बघता संपतला म्हणाल्या, "बाबा, तू यवतला का जात न्हाईस? तिथलं मशीन ह्यांच्यापरीस लई सरळ मारतंय. आन् दमत बी न्हाई."

टिचकी पडायच्या आधी घण पडला. माझ्या टेम्पोच्या काचा वाजल्या. पुन्हा पडला. त्या सुकलेल्या रोपातून एवढा जोर कुठून आला, देव जाणे. मुंडासं सुटून खांद्यावर आलं आणि आप्पा मारत होते, आणि एक्सलच्या टोकाला पहारीचं नाक येत होतं. संपतनं कपातला चहा सांडला.

मावशींनी सांडशी जराशी फिरवली, माझ्याकडं एक नजर टाकली, पदर तोंडाला लावला आणि खोकल्या. पाणी द्यायची वेळ अजून बरीच लांब होती.